खांद्याचे निदान : स्पर्श, शब्द आणि चुंबकीय प्रतिमा

बुलढाणा जिल्ह्यात, किंबहुना सर्व वऱ्हाडात, पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांचे खांदे मळण्याचा व शेकण्याचा प्रघात आहे. वर्षभर जू वाहून घट्टे पडलेल्या त्या जागेला हळद आणि तूप किंवा लोणी लावतात, आणि त्या दिवशी जनावराच्या मानेवर जू ठेवीत नाहीत. या विधीला कोठे खांदेमळणी म्हणतात, कोठे खांदशेकणी. जुवाखाली येणाऱ्या सुजेला ‘खांदेसूज’ असे स्वतंत्र नावही आहे. बैलाच्या खांद्याला अशा रीतीने एक सण आणि एक रोगनाम लाभले. त्याच घरातील माणसाच्या खांद्याला मात्र असे नाव लाभल्याचे दिसत नाही. माणसाचा खांदा ‘धरतो’, ‘भरून येतो’, ‘आखडतो’, ‘जखडतो’, ‘उतरतो’ किंवा ‘निखळतो’. ही सर्व क्रियापदे आहेत. रोग्याला काय होते ते ती सांगतात, पण कशामुळे होते ते सांगत नाहीत. या क्रियापदांपासून चुंबकीय अनुनादाने काढलेल्या प्रतिमेपर्यंत निदान कसे येऊन पोहोचले, आणि प्रत्येक टप्प्यावर नाव व दर्शन यांचा मेळ कितपत बसला, हा प्रस्तुत निबंधाचा विषय होय.

‘खांदा’ हा शब्द संस्कृत ‘स्कंध’ पासून प्राकृत ‘खंध’ या रूपाने आला, हे सुप्रसिद्ध आहे. स्कंध म्हणजे ज्या जागेतून फांद्या फुटतात तो झाडाचा भाग, आणि मनुष्याच्या बाबतीत मानेच्या मुळापासून बाहूच्या आरंभापर्यंतचा सर्व उंचवटा. मराठीत ‘खांदी’ म्हणजे फांदी हा अर्थ अजून जिवंत आहे. म्हणून ‘खांदा दुखतो’ असे जेव्हा रोगी म्हणतो तेव्हा त्याचे बोट सांध्यावर असेलच असे नाही. ते मानेच्या बाजूला, खवाट्यावर किंवा दंडाच्या मध्यावरही असू शकते. नेमका सांधा दर्शविणारा संस्कृत शब्द ‘अंस’ हा होता, परंतु तो बोलीत उतरला नाही, आणि आयुर्वेदाच्या पोथ्यांतच राहिला. एक व्यापक शब्द टिकला आणि एक नेमका शब्द लोपला. मानेच्या मणक्यांतून उतरणारी कळ आणि खांद्याच्या सांध्याची कळ या दोन्ही एकाच शब्दाखाली वैद्यापुढे येतात, याचे एक कारण येथे आहे.

सुश्रुतसंहितेत या भागाचा जो विचार आहे तो आजही वाचनीय आहे. शारीरस्थानात सांध्यांचे आठ प्रकार सांगितले असून त्यांतील ‘उलूखल’ हा प्रकार काखेत, जांघेत आणि दातांच्या ठिकाणी सांगितला आहे. उलूखल म्हणजे आपले उखळ. जांघेच्या सांध्याला ही उपमा उत्तम लागू पडते, कारण तेथे मांडीच्या हाडाचे डोके खोल खोबणीत बसलेले असते. खांद्याच्या सांध्याला ती तितकीशी लागू पडत नाही. तेथील खोबण इतकी उथळ आहे की उखळापेक्षा बशीची उपमा द्यावी. बशीत ठेवलेला चेंडू जागेवर राहतो तो बशीमुळे नव्हे, तर त्याला चहूकडून ओढून धरणाऱ्या मांसतंतूंमुळे, आणि खांद्याच्या बहुतेक दुखण्यांचे मूळ या धरून ठेवणाऱ्या भागातच आढळते. अंस व अंसफलक या दोन मर्मांचाही सुश्रुताने निर्देश केला आहे. पहिल्यास इजा झाल्यास बाहू ताठतो, दुसऱ्यास झाल्यास तो बधिर होतो व वाळतो, असे त्याचे म्हणणे आहे. निदानस्थानातील ‘अवबाहुक’ हे वर्णन अधिक महत्त्वाचे होय. अंसदेशी राहिलेला वायू तेथील बंधन शोषून टाकतो आणि तेथील शिरा आखडवतो, असे ते थोडक्यात आहे. या वर्णनातील दोन शब्दांकडे लक्ष वेधणे अवश्य आहे : एक ‘बंधन’ आणि दुसरा ‘शिरा’. पुढील विवेचनात दोन्ही पुन्हा येतील. प्राचीनांना आजचे सर्व ठाऊक होते, असा निष्कर्ष यावरून काढणे मात्र सर्वस्वी अनुचित होईल. सुश्रुताने हात कसा अडतो ते पाहिले, आणि त्या अडण्याला शोभेल अशी एक कल्पना योजिली. संधिकोश त्याने पाहिला होता, असे म्हणावयास आधार नाही.

शतकानुशतके खांद्याचे निदान हाताने आणि कानाने होत राहिले. ८ नोव्हेंबर १८९५ रोजी व्यूर्झबुर्ग येथे राँटगेन यांना क्ष-किरणांचा शोध लागला आणि प्रथमच जिवंत देहातील हाड दिसू लागले. खांदा निखळला आहे की मोडला आहे हे आता निश्चित सांगता येऊ लागले. पण क्ष-किरण हाडाच्या चुन्यावर अडतात आणि मांस, कंडरा व संधिकोश यांतून जवळजवळ सारखेच पार जातात. ज्यांचे हाड शाबूत आहे आणि तरी हात वर होत नाही, अशा बहुसंख्य रोग्यांच्या चित्रात काहीच दिसत नव्हते. यातून एक विचित्र अवस्था उत्पन्न झाली. खेड्यातील माणसाच्या तोंडी क्ष-किरणचित्राला ‘फोटो’ हाच शब्द रूढ झाला. ‘फोटोत काही आले नाही’ या वाक्याचा अर्थ मग ‘काही झालेले नाही’ असा होऊ लागला. दुखणे खरे होते, पण फोटो ते दाखवीत नव्हता. फोटोत जे येत नाही ते खोटे, ही समजूत त्या शब्दाबरोबरच आली असावी.

जे दिसत नव्हते त्याला नावे देण्याचे काम याच्या आधीच सुरू झाले होते. पॅरिसच्या द्यूप्ले यांनी १८७२ मध्ये सांध्याभोवतालच्या दाहाची कल्पना मांडली. बोस्टनचे शस्त्रवैद्य अर्नेस्ट एमरी कॉडमन यांनी तुटलेली कंडरा शिवण्याचा प्रयोग करून १९११ मध्ये तो प्रसिद्ध केला, आणि १९३४ मध्ये केवळ खांद्याला वाहिलेला ग्रंथ लिहिला. ‘गोठलेला खांदा’ असा ज्याचा शब्दशः अर्थ होईल तो ‘फ्रोझन शोल्डर’ हा शब्द त्यांनीच रूढ केला. या अवस्थेची व्याख्या करणे, तिच्यावर उपचार करणे आणि तिचे कारण उलगडणे ही तिन्ही कामे कठीण आहेत, ही कबुलीही त्यांनी त्याच वेळी देऊन ठेवली. १९४५ मध्ये नेव्हियासर यांनी शस्त्रक्रियेत संधिकोश हाडाला चिकटल्यासारखा पाहिला आणि त्या रोगाला ‘चिकट कोशदाह’ अशा अर्थाचे नाव दिले. पुढे दुर्बिणीने सांध्यात पाहिल्यावर असे आढळले की कोश चिकटलेला नसून जाड झालेला व आकसलेला असतो. नाव चुकीचे ठरले, तरी ते टळले नाही. आजही रोग्यांच्या कागदांवर तेच लिहिले जाते. या बाबतीत ‘आखडणे’ हे वऱ्हाडी क्रियापद लॅटिन नावापेक्षा वस्तुस्थितीच्या अधिक जवळ आहे, असे म्हणावयास हरकत नाही.

चुकीचे नाव काही वेळा निरुपद्रवी असते, पण नेहमीच नसते. १९७२ मध्ये अमेरिकन शस्त्रवैद्य चार्ल्स नीअर यांनी असे प्रतिपादन केले की हात वर नेताना खांद्याच्या छताच्या हाडाची पुढील कड खालच्या कंडरेवर घासते आणि त्यातून दुखणे व पुढे फाटणे संभवते. या घासण्याला ‘इम्पिंजमेंट’ म्हणजे चेमटणे असे नाव मिळाले. नाव यांत्रिक असल्यामुळे उपायही यांत्रिक सुचला, तो म्हणजे हाडाची कड तासून टाकणे. पुढील चार दशके ही शस्त्रक्रिया जगभर फार मोठ्या प्रमाणात झाली. ब्रिटनमध्ये ३१३ रोग्यांवर झालेल्या आणि २०१८ च्या आरंभी लॅन्सेटमध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत काहींची कड तासली, काहींच्या सांध्यात केवळ दुर्बीण घालून बाहेर काढली, आणि काहींवर शस्त्रक्रियाच केली नाही. कड तासलेल्यांना आणि केवळ दुर्बीण घातलेल्यांना आलेला आराम सारखाच निघाला. एका रूपकावर आधारलेले निदान किती दूरवर जाऊ शकते याचे हे उदाहरण वैद्यकाइतकेच भाषेच्या अभ्यासकानेही ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

मऊ भाग प्रत्यक्ष पाहण्याचे प्रयत्न दरम्यान चालूच होते. स्वीडनमध्ये लिंडब्लोम यांनी १९३९ च्या सुमारास सांध्यात किरणांना अडविणारे द्रव्य टोचून क्ष-किरणचित्रे घेतली. कंडरा आरपार फाटलेली असल्यास ते द्रव्य सांध्याबाहेर झिरपलेले दिसे. पद्धत उपयुक्त होती, पण सुई टोचावी लागे, आणि कंडरेची वरची बाजू अर्धवट झिजली असल्यास ती कळत नसे. कंडरा स्वतः दिसत नसून तिच्या भोकातून वाहिलेले द्रव्य तेवढे दिसते, ही या पद्धतीची मर्यादा होती.

ती मर्यादा ज्या शोधाने ओलांडली त्याचा वैद्यकाशी आरंभी काहीही संबंध नव्हता. १९४६ मध्ये हार्वर्ड येथे पर्सेल यांनी मेणामध्ये आणि स्टॅनफर्ड येथे ब्लॉख यांनी पाण्यामध्ये असे दाखविले की प्रबळ चुंबकीय क्षेत्रात ठेवलेले हायड्रोजनचे अणुगर्भ एका ठराविक कंपनसंख्येच्या रेडिओलहरींनाच प्रतिसाद देतात. तंबोऱ्याची एक तार छेडली असता त्याच स्वरात लावलेली दुसरी तार आपोआप वाजू लागते, त्या प्रकारचे हे अनुनादाचे तत्त्व आहे. मराठी परिभाषेत यास ‘अनुस्पंदन’ असाही शब्द आहे. या दोघांना १९५२ चे नोबेल पारितोषिक मिळाले. ब्लॉख यांच्या प्रयोगशाळेत त्या काळी एक भारतीय संशोधक काम करीत होते, ते म्हणजे एस. एस. धर्मट्टी. अर्नोल्ड, धर्मट्टी आणि पॅकार्ड या तिघांनी १९५१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात साध्या मद्यार्कातील हायड्रोजनचे अणुगर्भ तीन वेगवेगळ्या ठिकाणी प्रतिसाद देतात, आणि त्या प्रतिसादांचे प्रमाण रेणूतील तीन, दोन व एक अशा हायड्रोजनसंख्येशी जुळते, हे दिसून आले. अणुगर्भ आपल्या शेजाराची बातमी देतो, ही या शास्त्रातील अत्यंत फलदायी गोष्ट या प्रयोगाने सर्वांच्या ध्यानी आली. धर्मट्टी पुढे मुंबईस टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले आणि १९५० च्या दशकात त्यांनी तेथे या विषयाच्या संशोधनाचा पाया घातला. खांद्याची प्रतिमा जन्मास येण्याच्या कितीतरी आधी तिचे मूलतत्त्व मुंबईत अभ्यासिले जात होते, ही गोष्ट महाराष्ट्रातील विज्ञानेतिहासात पुरेशी नोंदली गेलेली नाही.

प्रतिसाद मिळणे आणि चित्र मिळणे यांत मोठे अंतर होते. शरीराच्या कोणत्या ठिकाणाहून प्रतिसाद आला हे कळल्याशिवाय चित्र होत नाही. पॉल लॉटरबर यांनी १९७३ च्या मार्चमध्ये यावर तोड काढली. चुंबकीय क्षेत्र सर्वत्र सारखे न ठेवता एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे क्रमाने चढते ठेवले, तर प्रत्येक ठिकाणची कंपनसंख्या वेगळी होते, आणि कंपनसंख्येवरून जागा ओळखता येते. जड पाण्यात बुडविलेल्या, साध्या पाण्याच्या दोन बारीक नळ्या हे त्यांचे पहिले चित्र. क्षेत्र आणि लहरी यांचा संयोग घडवून चित्र काढावयाचे, म्हणून त्यांनी या पद्धतीला ग्रीक ‘झेउग्मा’ या शब्दावरून ‘झ्यूग्मॅटोग्राफी’ असे नाव दिले. झेउग्मा म्हणजे जोडणारी वस्तू, आणि ज्या मूळ धातूपासून तो शब्द झाला त्याच धातूपासून संस्कृतात ‘युज्’ व ‘युग’ आणि मराठीत ‘जू’ हे शब्द आले आहेत. वऱ्हाडातील बैलाच्या खांद्यावरील जू आणि खांद्याची प्रतिमा काढणाऱ्या यंत्राचे पहिले नाव ही अशी भावंडे ठरतात. ते नाव टिकले नाही. दुसरेही एक नाव गळाले. ‘न्यूक्लिअर’ हा शब्द अणुबाँबची आठवण देतो म्हणून १९८० च्या दशकात तो वगळण्यात आला आणि ‘एमआरआय’ हे रूप सर्वत्र रूढ झाले. वस्तुतः या पद्धतीत किरणोत्सर्ग मुळीच नाही. ब्रिटनचे पीटर मॅन्सफील्ड आणि लॉटरबर यांना २००३ मध्ये नोबेल मिळाले.

भारतात असे पहिले यंत्र १९८६ मध्ये दिल्लीच्या अण्वीय वैद्यक व संबद्ध विज्ञान संस्थेत बसविण्यात आले. त्यानंतर दीर्घकाळ ही यंत्रे परदेशांतूनच येत राहिली. टाटा संस्थेतून १९८४ मध्ये स्वतंत्र झालेल्या मुंबईच्या ‘समीर’ या संस्थेने दीड टेस्ला क्षमतेचे देशी यंत्र विकसित करण्याचे काम हाती घेतले, आणि ते दिल्लीच्या एम्समध्ये चाचणीसाठी देण्याचा करार मार्च २०२५ मध्ये झाला.

खांद्याची प्रतिमा मेंदू व पाठकणा यांच्यामागून आली, यास कारण आहे. यंत्राच्या बोगद्याच्या मध्यभागी चुंबकीय क्षेत्र सर्वांत एकसारखे असते, आणि माणूस उताणा निजला असता त्याचा खांदा नेमका कडेला जातो. शिवाय प्रतिसाद अतिशय क्षीण असल्यामुळे तो ग्रहण करणारे वेटोळे अवयवाच्या जवळ असावे लागते. खांद्यावर पांघरता येईल असे वेटोळे तयार झाल्यावरच, म्हणजे १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात, कंडरा फाटल्याचे निदान या पद्धतीने करणारे निबंध वैद्यकीय नियतकालिकांतून येऊ लागले. दीड टेस्लाचे क्षेत्र पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या तीस हजार पटींहून अधिक असते, आणि त्यात हायड्रोजनचे अणुगर्भ सुमारे ६४ मेगाहर्ट्झ कंपनसंख्येला प्रतिसाद देतात. चुंबक लोखंडाला ओढतो हे सर्वांस ठाऊक आहे, पण खामगावच्या बाजारात घेतलेली चांदीची जोडवी चुंबकाने ओढली जात नसतानाही ती का उतरवावयाची, असा प्रश्न रोग्याला पडणे साहजिक आहे. चांदी विजेची उत्तम वाहक आहे, आणि रेडिओलहरींमुळे तीत प्रवाह उत्पन्न होऊन ती तापण्याचा संभव असतो, हे त्याचे उत्तर होय.

प्रतिमेत काय दिसते ते पाहण्यापूर्वी रचना ध्यानात घ्यावयास हवी. अंसफलकापासून निघणाऱ्या चार स्नायूंच्या कंडरा एकत्र येऊन दंडाच्या हाडाच्या डोक्यावर टोपीसारखे वेष्टन करतात. इंग्रजीत यास ‘रोटेटर कफ’ म्हणतात. त्यांतील वरची कंडरा, सुप्रास्पायनेटस, ही छताच्या हाडाखालून जाते आणि तीच सर्वांत अधिक झिजते व फाटते. निरोगी कंडरेतील पाणी तंतूंना घट्ट बांधलेले असल्यामुळे त्याचा प्रतिसाद क्षणार्धात विझतो, म्हणून ती प्रतिमेत काळी दिसते. फाटलेल्या जागी मोकळे पाणी शिरते, आणि विशिष्ट पद्धतीने घेतलेल्या प्रतिमेत ते पांढरे चमकते. काळ्या पट्ट्यातील पांढरी फट ही फाटण्याची खूण होय. फट आरपार आहे की अर्धवट, तुटलेले टोक किती मागे सरले आहे, आणि मागील स्नायूत चरबी भरली आहे काय, हेही कळते. या शेवटच्या गोष्टीचे महत्त्व मोठे आहे. १९९४ मध्ये फ्रान्सच्या गुतालिये यांनी संगणकीय छेदचित्रांवरून स्नायूतील चरबीच्या पायऱ्या लावून दाखविल्या, आणि पुढे त्याच पायऱ्या चुंबकीय प्रतिमेलाही लावण्यात आल्या. स्नायूचे मांस चरबीत बदलले असेल तर कंडरा शिवूनही ती पूर्ववत काम करीत नाही, हे शस्त्रवैद्याला आधीच कळू लागले. आखडलेल्या खांद्यात संधिकोशाचा काखेतील घोळ जाड झालेला आणि वरचा बंध फुगलेला दिसतो. सुश्रुताच्या ‘बंधन’ शब्दाची येथे आठवण व्हावी, इतकेच. तथापि ते बंधन वाळलेले नसून जाड झालेले आढळते.

प्रतिमा फसवतेही. चुंबकीय क्षेत्राशी कंडरेचे तंतू सुमारे ५५ अंशांचा कोन करीत असतील तर निरोगी कंडराही काही प्रतिमांत उजळ दिसते. वरची कंडरा हाडावरून वळताना नेमका हाच कोन करते, आणि ती नेमकी तेथेच अधिक फाटते. खरी फट कोणती आणि कोनाचा आभास कोणता हे ओळखण्यासाठी निराळ्या पद्धतीने घेतलेली दुसरी प्रतिमा ताडून पाहावी लागते. याहून गंभीर प्रश्न १९९५ मध्ये उपस्थित झाला. अमेरिकेतील शेर व त्यांच्या सहकाऱ्यांनी खांद्याची कोणतीही तक्रार नसलेल्या ९६ व्यक्तींच्या प्रतिमा घेतल्या. त्यांपैकी ३४ टक्के व्यक्तींची कंडरा अंशतः किंवा पूर्णपणे फाटलेली आढळली, आणि साठ वर्षांवरील व्यक्तींत हे प्रमाण ५४ टक्के होते. हात व्यवस्थित वर जात होता, झोप लागत होती, आणि कंडरा फाटलेली होती. क्ष-किरणांच्या काळी दुखणे असून चित्रात काही येत नसे. आता चित्रात येऊ लागले, पण दुखणे नाही. ‘फोटोत आले’ म्हणजे ‘सापडले’ हे समीकरण दोन्ही बाजूंनी चुकीचे ठरले.

या ठिकाणी बुलढाण्याकडे परत येणे इष्ट होय. घाटाखालच्या काळ्या जमिनीत कापूस होतो. १८७० मध्ये लॉर्ड मेयो यांच्या हस्ते जलंब-खामगाव लोहमार्ग सुरू झाला तो या कापसासाठीच, आणि खामगावच्या बाजारातील हमालांच्या पाठीखांद्यांवरून तो गाड्यांत चढला. वेचणी मुख्यतः स्त्रियांची, आणि ओझ्याची वाहतूक डोक्यावरून व खांद्यावरून. जिल्ह्यात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये सुरू झाले. तोपर्यंत मोठ्या शासकीय रुग्णालयासाठी अकोला, जळगाव किंवा छत्रपती संभाजीनगरचा रस्ता धरावा लागे. अशा रोगी स्त्रीच्या दृष्टीने प्रतिमा काढावी की नाही हा प्रश्न केवळ शास्त्राचा नसून मजुरीच्या बुडणाऱ्या दिवसांचा आणि एसटीच्या भाड्याचाही असतो.

आणि तिच्या भाषेत निदानाचा मोठा भाग आधीच सांगितलेला असतो. ‘वेणी घालता येत नाही’ या वाक्याचा अर्थ हात वर नेऊन बाहेरच्या बाजूस फिरविण्याची क्रिया अडली, असा आहे. ‘काष्टा खोचता येत नाही’, ‘हात मांगं जात नाही’ याचा अर्थ आतील बाजूस फिरविण्याची क्रिया अडली, असा आहे. पाश्चात्त्य वैद्य रोग्याला हात डोक्यामागे व पाठीमागे नेण्यास सांगून जी परीक्षा घेतात, तीच या दोन वाक्यांत आहे. ‘त्या कुशीवर निजवत नाही’ हे तिसरे वाक्य रात्रीच्या वेदनेचे लक्षण होय. यानंतर वैद्याने स्वतः तो हात धरून फिरवून पाहिला, आणि त्याच्या हातानेही तो फिरत नसेल, विशेषतः बाहेरच्या बाजूस, तर खांदा आखडला आहे असे समजावे. वैद्याने उचलल्यावर हात जातो पण तिला स्वतःला उचलता येत नाही, तर कंडरेचा संशय घ्यावा. पहिल्या प्रकारात साधे क्ष-किरणचित्र आणि रक्तातील साखरेची तपासणी बहुधा पुरेशी असते, कारण मधुमेह्यांत हा रोग अधिक आढळतो. एमआरआयने तेथे उपचार क्वचितच बदलतो. दुसऱ्या प्रकारात, विशेषतः पडल्यानंतर एकाएकी हात उचलेनासा झाला असेल तर, प्रतिमा लवकर काढणे अगत्याचे असते, कारण उशीर झाल्यास स्नायूत चरबी भरू लागते. प्रतिमा घेताना हात अंगालगत स्थिर ठेवून सुमारे अर्धा तास निजावे लागते. दुखणे हालचालीत असते आणि चित्र निश्चल हाताचे निघते, म्हणून हालचालीचे वर्णन जो ऐकत नाही त्याला चित्र अर्धेच वाचता येते.

प्रतिमेचा अहवाल इंग्रजीत येतो, आणि तो मराठीत सांगताना एक नवीन अडचण उत्पन्न होते. बोलीत ‘शीर’ किंवा ‘नस’ हा एकच शब्द रक्तवाहिनी, मज्जातंतू आणि कंडरा या तिघांनाही चालतो. सुश्रुताच्या अवबाहुकातील ‘शिरा’ हा शब्दही असाच सैल आहे, आणि बोलीतील ‘शीर आखडली’ हा प्रयोग त्याच्याच वंशातला दिसतो. जे यंत्राने मिलिमीटरच्या हिशेबाने वेगळे केले ते भाषेत पुन्हा एकत्र होते. ‘अंशतः फाटलेली कंडरा’ याचे रूपांतर ‘खांद्याची नस फाटली’ असे होते, आणि ते ऐकणारी स्त्री रक्तस्रावाची वा अर्धांगवायूची कल्पना करते. ती हात हलविण्याचे सोडून देते, आणि न हलविलेला खांदा अधिकच ताठतो. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका ऑस्ट्रेलियन प्रयोगात खांद्याच्या त्याच तक्रारीला निरनिराळी नावे देऊन लोकांची मते घेतली, तेव्हा कंडरा फाटली असे ज्यांना सांगितले त्यांना केवळ द्रवपिशवीचा दाह सांगितलेल्यांपेक्षा शस्त्रक्रियेची गरज अधिक वाटली. मराठीत ‘फाटणे’ हे क्रियापद वस्त्राचे आहे, आणि फाटलेले वस्त्र शिवल्याखेरीज जुळत नाही. ‘झिजणे’ हे क्रियापद जोत्याचे, उंबऱ्याचे आणि वहाणेचे आहे. झिजलेली वस्तू वापरात राहते. साठ वर्षांच्या स्त्रीच्या प्रतिमेतील अर्धवट फट पुष्कळदा दुसऱ्या क्रियापदाची असते आणि सांगितली जाते पहिल्याने. कंडरेसाठी ‘दोर’ हा शब्द काही ठिकाणी रोग्याला समजावताना वापरतात. तो परिभाषेत नाही, पण नसेपासून वेगळा पडतो, आणि दोर विरतो, उसवतो, तुटतो असे तिन्ही टप्पे त्याला लावता येतात.